स्पायडर प्लांटची पिल्ले लावण्याचा तयार संच : काय उपयोगी, काय निरुपयोगी

स्पायडर प्लांटची नवी रोपे घरच्या घरी तयार करता यावीत म्हणून एक तयार संच सध्या ऑनलाइन विकला जातो. तो मी दिवाळीनंतर मागवला आणि पुढचा पावसाळा सरेपर्यंत पुण्यातल्या आमच्या सदनिकेच्या पूर्वेकडील गॅलरीत वापरला. लाकडी चौकटीत अडकवलेल्या काचेच्या नळ्या, ओल्या कागदात गुंडाळलेली स्पायडर प्लांटची काही पिल्ले, कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, दाबलेल्या चकत्या, मुळे फुटण्यासाठीच्या पावडरीची छोटी बाटली, पारदर्शक झाकणाचा ट्रे आणि एक माहितीपत्रक एवढ्या वस्तू त्या खोक्यात होत्या. किंमत सातशे रुपयांच्या आसपास होती. अशाच स्वरूपाचे संच अनेक विक्रेते थोड्याफार फरकाने विकत असल्यामुळे येथे एका विक्रेत्याचे नाव घेण्यापेक्षा संचातली एकेक वस्तू या विशिष्ट रोपासाठी कितपत कामाची आहे, हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते. कारण संच ‘कोणत्याही रोपासाठी’ म्हणून बनवलेला असतो, आणि स्पायडर प्लांटच्या गरजा मात्र गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या फांदीपेक्षा अगदी वेगळ्या असतात.

सुरुवात पिल्लांपासून करायला हवी, कारण पुढचे सगळे यश त्यांच्यावर अवलंबून असते. स्पायडर प्लांट म्हणजे क्लोरोफायटम कोमोसम हे मूळचे आफ्रिकेतले रोप आहे. त्याच्या लांब, लवचीक दांड्यांवर आधी लहान पांढरी फुले येतात आणि मग त्याच दांड्यांवर, विशेषतः टोकाशी, पानांचे लहान झुबके तयार होतात. हे झुबके म्हणजेच पिल्ले. कुंडीतून खाली लोंबणारी ही पिल्ले निसर्गात दांडी जमिनीला टेकली की तिथेच मूळ धरतात. त्यामुळे मुळांची तयारी पिल्लाच्या अंगातच असते. पिल्लू उलटे करून त्याचा बुडखा पाहिला, तर जिथे सगळी पाने एकत्र येतात त्या ठिकाणी फिकट पांढरट, टणक, बोथट असे उंचवटे दिसतात. हवा कोरडी असेल तर त्यांची टोके तपकिरी होऊन थांबलेली असतात. हवा दमट असेल तर तेच उंचवटे पिल्लू दांडीवर असतानाच सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाढतात. हे उंचवटे म्हणजे तयार मुळांचे कोंब आहेत. ज्या पिल्लाला असे चार-पाच कोंब आणि निदान पाच-सहा पाने आहेत, ते पिल्लू हमखास लागते, असे म्हणायला हरकत नाही.

माझ्याकडे आलेल्या संचातली निम्मी पिल्ले अशी पक्व होती आणि उरलेली दांडीवरून फार लवकर काढलेली होती. त्या लहान पिल्लांना बुडख्याशी कोंबांचा मागमूस नव्हता, पाने तीन-चारच होती आणि प्रवासात ती मलूल झाली होती. विक्रेत्याचा हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो. नळी, चकती किंवा पावडर यांतली कोणतीही वस्तू कच्च्या पिल्लाला पक्व करू शकत नाही. ते काम फक्त आईरोपाशी जोडलेली दांडी करते. आणखी एक गोष्ट म्हणजे चित्रात एकाच प्रकारची पाने दाखवली होती आणि प्रत्यक्षात दोन प्रकार मिसळलेले होते. पानाच्या मधोमध पांढरा पट्टा आणि कडा हिरव्या असलेला ‘व्हिटाटम’ हा एक, आणि मधला भाग हिरवा व कडा पांढऱ्या असलेला ‘व्हेरिगेटम’ हा दुसरा. दोन्ही सुंदर आहेत आणि पिल्लांपासून केलेल्या रोपांत तो पट्टा सहसा जसाच्या तसा उतरतो, कारण पिल्लू हा आईरोपाचाच भाग असतो. बियांपासून केलेल्या रोपांत मात्र पट्टा टिकत नाही. ज्याला एका टोपलीत एकसारखी पाने हवी आहेत, त्याने मागणी नोंदवताना हे विचारून घ्यावे.

आता संचातल्या सर्वोत्तम वस्तूकडे, म्हणजे काचेच्या नळ्यांकडे येतो. स्पायडर प्लांट पाण्यात लावताना एकच नियम काटेकोरपणे पाळावा लागतो: मुळांचे कोंब पाण्यात आणि पाने पाण्याबाहेर. रुंद तोंडाच्या पेल्यात पिल्लू तरंगते, कलंडते, त्याची खालची पाने पाण्यात बुडतात आणि तीन-चार दिवसांत बुळबुळीत होऊन बुडख्यापर्यंत कूज पोचते. साधारण २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत हा प्रश्नच येत नाही, कारण पसरलेली पाने नळीच्या काठावर आपोआप टेकतात आणि बुडखा तेवढा आत उतरतो. पाण्याची पातळी कोंबांच्या थोडी वर ठेवली की काम झाले. पक्व पिल्लांच्या कोंबांतून साधारण आठवडाभरात पांढरीशुभ्र, जाडसर मुळे सरळ खाली येताना दिसतात आणि आणखी काही दिवसांनी त्या मुळांना बारीक उपमुळे फुटतात. घरात लहान मुले असतील तर त्यांना हे रोज पाहता येणे हा या नळ्यांचा मोठा गुण आहे. मातीत लावलेल्या पिल्लाचे खाली काय चालले आहे हे कळत नाही. येथे मुळाचे टोक काल कुठे होते आणि आज कुठे आहे, हे काचेवर पेनाने खूण करून दाखवता येते.

पाण्यातून मातीत केव्हा हलवायचे, याबाबत संचाचे माहितीपत्रक ‘मुळे भरपूर वाढल्यावर’ एवढेच सांगते आणि हा सल्ला अपुरा आहे. मुळे चार-पाच सेंटिमीटर झाली आणि त्यांना उपमुळे दिसू लागली की रोप लगेच मातीत घ्यावे. पाण्यात वाढलेली मुळे पाण्याच्या सवयीची असतात. त्यांच्यावर मूलरोम कमी असतात आणि ती ठिसूळ असतात. नळी मुळांनी गच्च भरेपर्यंत वाट पाहिली, तर बाहेर काढताना ती तुटतात आणि मातीत गेल्यावर रोप बराच काळ वाढ न करता बसून राहते. मातीत हलवल्यानंतरचे पहिले दोन आठवडे माती नेहमीपेक्षा ओलसर ठेवावी, म्हणजे जुनी मुळे तग धरतात आणि तोवर मातीच्या सवयीची नवी मुळे फुटतात.

नळ्यांच्या बाबतीत ज्या गोष्टीचा उल्लेख संचावर ठळकपणे असायला हवा होता आणि जी कुठेच नाही, ती म्हणजे डास. डेंगीचा प्रसार करणारा एडिस डास घरातल्या अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत महापालिकेचे कर्मचारी फुलदाण्या, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि मनी प्लांटच्या बाटल्या तपासत फिरतात, ते याचसाठी. आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून नळ्यांतले पाणी आठवड्यातून दोनदा पूर्ण ओतून बदलावे, नुसती भर घालू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहू शकतात. पाणी ओतून टाकले आणि नळी तशीच पुन्हा भरली, तर अंडी आतच राहतात. नळी आतून घासलीच पाहिजे. आणि नेमका एवढ्या अरुंद नळीत जाणारा ब्रश संचात दिलेला नाही. बाळाच्या दुधाच्या बाटलीच्या बुचासाठी जो लहान ब्रश मिळतो, तो या नळीत बरोबर बसतो. विक्रेत्याने पावडरीच्या बाटलीऐवजी असा ब्रश दिला असता, तर ग्राहकाचे अधिक भले झाले असते. घर बंद करून गावाला जायचे असेल, तर नळ्या रिकाम्या करून पिल्ले ओल्या मातीत लावून जावे.

घासण्याचा दुसरा फायदा शेवाळासंबंधी आहे. पारदर्शक काच आणि भरपूर उजेड असला की पाणी हिरवे होतेच. शेवाळ पिल्लाला मारत नाही, पण मुळांवर थर चढला की ती घाण दिसतात आणि नळीचा सारा आनंद जातो. थेट ऊन न येणाऱ्या, पण उजेडाच्या जागी चौकट ठेवली, तर हा त्रास बराच कमी होतो. स्पायडर प्लांटलाही अशीच जागा मानवते. एप्रिल-मे महिन्यांतले दुपारचे ऊन त्याची पाने करपवते, विशेषतः पांढऱ्या पट्ट्याचा भाग.

पाण्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण या रोपाच्या पानांची टोके तपकिरी होणे ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे आणि त्यासाठी लोक खत वाढवतात, जे नेमके उलटे आहे. स्पायडर प्लांट फ्लोराइड आणि क्षार यांच्या बाबतीत हळवे आहे. ते पानांच्या टोकांशी साचतात आणि टोके जळतात. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवले, तर त्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो, पण फ्लोराइड आणि क्षार तसेच राहतात. आपल्या घरांत आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची चांगल्या हेतूची पद्धत रूढ झाली आहे, परंतु त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार अधिक दाट झालेले असतात, म्हणून या रोपाला ते घालू नये. फरशी पुसायला वापरावे. पावसाचे पाणी सर्वांत उत्तम. त्याच कारणाने मातीत सिंगल सुपर फॉस्फेट हे खत मिसळणे टाळावे, कारण त्यात फ्लोराइडचा अंश असतो.

लाकडी चौकट दिसायला देखणी आहे आणि तिचे सांधे पक्के आहेत, पण लाकडाला तेलाचा किंवा वॉर्निशचा हात दिलेला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गॅलरीतल्या दमट हवेत तिच्यावर काळे बुरशीचे ठिपके आले. जवसाच्या तेलाचे दोन हात आधीच दिले, तर ही अडचण टळेल.

कोकोपीटच्या चकत्यांबद्दल माझे मत संमिश्र आहे. पाण्यात टाकल्यावर त्या काही मिनिटांत फुगतात, हाताला माती लागत नाही आणि बियांपासून मिरची-टोमॅटोची रोपे करायला त्या खरोखर सोयीच्या आहेत. परंतु स्पायडर प्लांटची मुळे जाड आणि मांसल असतात. चकतीभोवती जी विणीव जाळी असते, तिच्यातून बारीक मुळे सहज बाहेर येतात, ही जाड मुळे मात्र आतल्या आत गोल फिरत राहतात. कुंडीत लावताना जाळी कात्रीने उभी कापून काढून टाकावी, ‘जाळीसकट लावा’ या माहितीपत्रकातल्या सूचनेकडे लक्ष देऊ नये. दुसरा प्रश्न क्षारांचा आहे. नारळाच्या काथ्याचा भुसा अनेकदा किनाऱ्याजवळच्या मचूळ पाण्यात भिजलेल्या सोडणांपासून येतो, आणि तो नीट धुतलेला नसेल तर त्यात सोडियम व पोटॅशियमचे क्षार राहतात. वर सांगितल्याप्रमाणे हे रोप क्षारांना हळवे असल्याने चकती फुगल्यावर ती हलके पिळून पाणी टाकून द्यावे आणि पुन्हा दोन-तीनदा स्वच्छ पाण्यात भिजवावी. पहिल्या पिळण्यात जे चहाच्या रंगाचे पाणी निघते, ते फिके होईपर्यंत धुणे योग्य. खर्चाचा विचार केला, तर कोणत्याही रोपवाटिकेत मिळणारी कोकोपीटची साधारण साडेसहाशे ग्रॅमची वीट बादलीभर माध्यम देते आणि अशा चकत्यांच्या मानाने फारच स्वस्त पडते.

चकतीत पिल्लू लावले असताना पाण्याचे प्रमाणही सांभाळावे लागते. कोकोपीट वरून कोरडे दिसते, पण आत ओल धरून ठेवते. सफेद मुसळी आणि पावसाळ्यात ठाणे-पालघर-रायगडच्या बाजारांत जुड्या बांधून येणारी फोडशी ही स्पायडर प्लांटचीच भावंडे, म्हणजे त्याच क्लोरोफायटम प्रजातीतली. मुसळीच्या ज्या मांसल मुळांसाठी ती लावली जाते, तशाच पाणी साठवणाऱ्या जाड मुळ्या स्पायडर प्लांटलाही असतात. त्यामुळे पाणी द्यायचे चार दिवस राहून गेले तरी रुजलेले रोप तग धरते, पण सतत चिंब माध्यमात त्या मुळ्या कुजतात. बोटाचे पेर आत खुपसून ओल लागत असेल, तर पाणी देऊ नये.

मुळांच्या पावडरीवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. अशा पावडरीत सहसा इंडोल ब्युटिरिक ॲसिड हे संप्रेरक असते आणि ज्या फांदीवर मुळांचे कोंब आधीपासून नाहीत, अशा फांदीला नवी मुळे फोडायला ते मदत करते. बोगनवेल, जास्वंद, गुलाब यांच्या छाट कलमांसाठी ती घ्यावी. स्पायडर प्लांटच्या पिल्लाला कोंब आधीच असतात, त्यामुळे पावडर लावलेल्या आणि न लावलेल्या पिल्लांत मला काहीही फरक दिसला नाही. शिवाय मला मिळालेल्या बाटलीवर संप्रेरकाचे प्रमाण आणि वापरण्याची अंतिम तारीख या दोन्ही गोष्टी छापलेल्या नव्हत्या. लहान मुलांना सोबत घेऊन करण्याचा उपक्रम म्हणून जो संच विकला जातो, त्यात अशी नोंद नसलेली बाटली असणे मला योग्य वाटत नाही.

झाकणाचा ट्रे उन्हाळ्यात, कोरड्या हवेत थोडा उपयोगी पडतो. पावसाळ्यात त्याचे झाकण काढूनच ठेवावे, नाहीतर आत बुरशी धरते.

आता माहितीपत्रकाकडे वळतो. ते इंग्रजी आणि हिंदीत आहे, मराठीत नाही. छपाई सुबक आहे, चित्रे चांगली आहेत, पण ज्या पद्धतीने स्पायडर प्लांटचे पिल्लू जवळजवळ कधीच दगावत नाही, त्या पद्धतीचा त्यात एका ओळीचाही उल्लेख नाही. ती पद्धत अशी: पिल्लू दांडीवरून कापायचेच नाही. आईरोपाच्या शेजारी मातीने भरलेली एक लहान कुंडी ठेवायची, लोंबणाऱ्या दांडीवरचे पिल्लू त्या मातीवर टेकवायचे आणि केसांच्या पिनेने दांडी मातीत अलगद दाबून धरायची, म्हणजे बुडखा मातीला घट्ट चिकटून राहतो. पाने मातीत गाडायची नाहीत. आईरोपाकडून दांडीवाटे पाणी आणि अन्न मिळत राहते, त्यामुळे पिल्लू एक दिवसही मलूल होत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पिल्लाला अगदी हलकेच वर ओढून पाहावे. ते मातीला धरून बसले असेल, तर दांडी कापावी. ज्या कच्च्या पिल्लांना कोंब आलेले नाहीत, तीही या पद्धतीने लागतात, कारण पक्व व्हायला त्यांना वेळ आणि आईचा आधार दोन्ही मिळतात. या पद्धतीला नळी, पावडर, चकती यांतले काहीच लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच तिला संचात जागा मिळालेली नाही.

तिच्यासाठी एकच गोष्ट लागते, ती म्हणजे दांड्या फुटलेले आईरोप, आणि सातशे रुपयांचा विचार करताना याच मुद्द्यावर माझा कौल ठरतो. साध्या रोपवाटिकेत टांगत्या कुंडीतले, भरपूर पिल्ले लोंबणारे स्पायडर प्लांट दीडशे ते तीनशे रुपयांत मिळते. पुण्याहून सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनकडे गेले की रोपवाटिकांची रांगच लागते आणि तेथे भाव शहरातल्यापेक्षा कमी असतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनाच्या वेळीही अशी रोपे पाहायला आणि घ्यायला मिळतात. हा हंगामही सोयीचा आहे. या रोपाला दांड्या आणि पिल्ले येणे दिवसाच्या लांबीशी जोडलेले आहे: दिवसाचा उजेड १२ तासांपेक्षा कमी आणि रात्रीचा अंधार अखंड अशी स्थिती साधारण ३ आठवडे मिळाली, की पिल्ले धरण्याची प्रक्रिया सुरू होते. आपल्याकडे सप्टेंबरअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत दिवस १२ तासांहून लहान असतो. ज्या खोलीत रात्री उशिरापर्यंत ट्यूबलाइट चालू राहते, तिथल्या निरोगी रोपालाही पिल्ले न येण्यामागे हे एक कारण असू शकते. अशा वेळी रोप काही आठवडे गॅलरीत किंवा रात्री न वापरल्या जाणाऱ्या खोलीत हलवून पाहावे. रोपवाटिकेत निवड करताना फक्त पानांकडे न पाहता दांड्यांकडे पाहावे, आणि पानांच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण नाही ना, हे तपासावे. तो आईरोपावर असला तर प्रत्येक पिल्लासोबत नव्या कुंडीत जातो.

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेल्या एका दाव्याबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. ‘नासाने सिद्ध केलेले हवा शुद्ध करणारे रोप’ असे तेथे म्हटले आहे. नासासाठी बी. सी. वोल्व्हर्टन यांनी केलेला आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास खरा आहे, आणि त्याआधी त्यांनी स्पायडर प्लांटवरही प्रयोग केले होते. पण ते सारे बंद पेट्यांमध्ये झालेले होते. ड्रेक्सेल विद्यापीठाच्या ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वेअरिंग यांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांच्या आकड्यांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा साध्या वायुवीजनाने जेवढी हवा स्वच्छ होते तेवढी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० रोपे लागतील, असा निष्कर्ष निघाला. २०० चौरस फुटांच्या हॉलसाठी हा हिशेब कमीत कमी १८० हून अधिक रोपांवर जातो. दमा असलेल्या मुलाच्या खोलीत हे रोप ठेवून खिडकी बंद करणारी माणसे असतात, म्हणून हा दावा निरुपद्रवी म्हणून सोडून देता येत नाही. त्याऐवजी जे खरे आहे ते छापावे: अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिसंस्थेच्या यादीत हे रोप मांजर आणि कुत्रा या दोघांसाठी बिनविषारी म्हणून नोंदलेले आहे. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना ते पाने चावायला किती आवडते हे ठाऊक असेल, आणि त्यांच्यासाठी ही माहिती मोलाची आहे.

तयार रोपे कुंडीत लावण्याबाबत संच काहीच देत नाही, तर तेवढे येथे सांगतो. दोन भाग माती, एक भाग धुतलेले कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि निचऱ्यासाठी मूठ-दोन मूठ जाड वाळू हे मिश्रण मला चांगले वाटले. एकेका पिल्लासाठी चार इंचांची कुंडी पुरे. मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि मुळे मागे पडतात. टांगती टोपली भरगच्च दिसावी असे वाटत असेल, तर चार-पाच रुजलेली पिल्ले एकत्र लावावीत. या रोपाच्या जाड मुळ्या दाटल्या की कुंडीतली माती वर उचलली जाते आणि पातळ प्लास्टिकची कुंडी फुगते किंवा तडकते. तसे दिसू लागले की रोप काढून मुळ्यांचा गड्डा हातांनी दोन भागांत सोडवावा, प्रत्येक भागाला पाने आणि मुळे दोन्ही राहतील असे पाहावे, आणि दोन कुंड्यांत लावावे. नवी रोपे मिळवण्याचा हाही एक खात्रीचा मार्ग आहे.

विक्रेत्याच्या सेवेबद्दल एक सूचना करावीशी वाटते. पिल्ले खराब आली तर २४ तासांच्या आत छायाचित्र पाठवल्यास बदलून मिळतील, अशी अट आहे, आणि मलूल दिसणाऱ्या पिल्लांचे छायाचित्र पाठवल्यावर उत्तर सौजन्याने आणि वेळेवर आले, हे नमूद केले पाहिजे. परंतु बुडख्याशी कोंब नसलेले पिल्लू पहिल्या दिवशी हिरवेगार दिसते आणि त्याची अवस्था आठ-दहा दिवसांनी कळते. अट पंधरा दिवसांची असावी, किंवा त्याहून बरे म्हणजे पिल्ले पाठवण्याआधीच त्यांचा बुडखा तपासला जावा.

पूर्ण संच घ्यावा, अशी शिफारस मी करणार नाही. नळ्यांची चौकट मात्र अनेक विक्रेते वेगळी विकतात, ती अडीचशे-तीनशे रुपयांत मिळाली तर जरूर घ्यावी आणि उरलेल्या पैशांत पिल्ले लोंबणारे आईरोप आणावे. चौकट घेण्यापूर्वी नळीचा व्यास आणि लांबी विचारावी. २५ मिलिमीटर व्यास आणि १५० मिलिमीटर लांबी हे परीक्षानळीचे प्रचलित माप आहे. त्याच मापाची, वर काठ असलेली नळी असेल, तर धुताना फुटल्यावर प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून सुटी नळी आणून त्याच चौकटीत बसवता येते. विक्रेत्याने स्वतःच्या मनाने वेगळ्या मापाच्या नळ्या बनवून घेतल्या असतील, तर एक नळी फुटताच चौकटीतली ती जागा कायमची रिकामी राहते.